दादाच्या भरवशावर

"घरी कळवलंय ना?" फोन जमा करून घेताना काउंटरवरच्या बाईंनी विचारलं. "आता दहा दिवस, शिबिर संपेपर्यंत, बोलणं बंद. बाहेरचा निरोपही आत येत नाही."

"कळवलंय," असं म्हणत तिने बंद केलेला फोन चटकन पुढे सरकवला.

कळवलं होतं, पण कसं? सकाळी आईचं अंग पुसलं, सूप भरवलं, कूस बदलून दिली आणि दारात चपला सरकवता सरकवता दादाला मेसेज टाकला. 'मी बाहेरगावी जातेय. परत येईपर्यंत आईचं तूच बघ.' मेसेज गेला तसा, आलेलं काही न बघताच फोन बंद. दादा नाही म्हणाला असता तर तिचा पाय निघाला नसता. म्हणून तिने त्याला नाही म्हणायला जागाच ठेवली नाही.

आईचं अर्धं अंग लुळं पडल्यापासून भावंडांनी दिवस वाटून घेतला होता. चष्म्याच्या दुकानात जाण्याआधी आणि रात्रभर ती. बस डेपोतलं काम आटोपून दुपारी दादा यायचा, तो संध्याकाळी ती परतेपर्यंत थांबायचा. भेट व्हायची ती दारातच. "औषध दिलंय." "बरं." एवढंच बोलणं.

मध्यंतरी एकदा आईच्या तोंडातून सूप ओघळलं आणि तिने आईचा हात असा झटकला की तो कॉटच्या दांडीवर आपटला. आईला बोलता येत नव्हतं. ती नुसती बघत राहिली. त्याच दिवशी तिने शिबिरात नाव घातलं.

ध्यानाच्या खोलीत एका बाजूला बायका, मधल्या पडद्यापलीकडे पुरुष. जेवणाच्या खोल्याही वेगळ्या. समोर बुद्धाची शांत मूर्ती. "श्वास आत येतोय, बाहेर जातोय," गुरुजी सांगायचे, "नुसतं बघा."

ती डोळे मिटायची आणि तिला दादा दिसायचा. दुखरी कंबर धरून आईला उचलणारा, डेपोतून रजा मागताना साहेबांपुढे ओशाळलेला. पडद्यापलीकडे एक पुरुष हुंदके देऊन रडायचा. ज्याचं त्याला ठाऊक, तिच्या मनात यायचं.

त्यात तिला झोप छान लागू लागली. किती तरी महिन्यांनी अशी गाढ. जाग आली की त्या झोपेचीच लाज वाटायची. शेवटी न राहवून ती गुरुजींना भेटली. त्यांच्याशी तेवढं बोलायला मुभा होती.

"मला घरी जाऊ द्या. आई अंथरुणाला खिळलीय आणि मी इथे मजेत झोपतेय."

"आईजवळ कोण आहे?"

"भाऊ आहे. माझ्यापेक्षा मायेनं करतो."

"मग त्याला करू द्या," गुरुजी हळूच म्हणाले. "तुम्ही दमलाय हो."

ती रडली आणि राहिली.

मौन सुटलं त्या सकाळी अंगणात नुसता कलकलाट झाला. माणसं उगाचच हसत होती, एकमेकांना नावं-गावं विचारत होती. फोन परत घ्यायच्या रांगेत उभी राहून ती मनातल्या मनात घोकत होती. दादा, चुकलं माझं. आता महिनाभर तू दुपारी येऊ नकोस, मी बघते काय ते.

तेवढ्यात पुरुषांच्या खोल्यांकडून येणाऱ्या घोळक्यात तिला दादा दिसला. आईचं काही बरंवाईट? तो न्यायला आला? पण त्याच्या खांद्यावर शिबिरातलीच शाल होती आणि चेहरा कसा धुतल्यासारखा स्वच्छ.

तिला पाहून तो जागीच थबकला.

"तू इथे कशी? अगं, दहा दिवस मी येत नाही, आईपाशी तूच थांब, असा मेसेज टाकूनच मी फोन बंद केला होता."

तिची नजर काउंटरवरच्या बंद फोनांकडे गेली. दादाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"मग आईपाशी कोण आहे?"