गोटी

चाकूरच्या बांधकामावर लुंबिनी घमेली वाहायची. दुपारी बाया जेवायला बसल्या, की ती वरच्या मजल्यावर व्यंकट मिस्त्रींकडून वायरीचा पाईप वाकवायला शिकायची. आतून वायर सरकेल का ते बघायला वाकलेल्या पाईपात मिस्त्री गोटी सोडायचे. रोज ती चेपलेल्या वळणात अडकायची. मिस्त्री म्हणायचे, "घाई नको, पोरी. आपण सरळ होतो हे पाईप विसरंपर्यंत धरून ठीव." आज तिनं उन्हात तापलेल्या पाईपात, तो चेपू नये म्हणून घालतात ती स्प्रिंग घातली, तो गुडघ्यावर वाकवला आणि डोळे मिटले. तिच्या माहेराजवळ तेरणा नदी वळते. तिथलं पाणी वळताना कधी थांबलेलं तिला आठवेना. पाईप निवला. स्प्रिंग काढून मिस्त्रींनी गोटी सोडली. आत बारीक खळखळ झाली आणि गोटी लुंबिनीच्या तळहातावर पडली. खालून मुकादम ओरडला, "लुंबिनी, घमेलं!" तिनं गोटी परत द्यायला हात पुढं केला. मिस्त्रींनी ती घेतलीच नाही. ते खाली ओरडले, "घमेल्याला दुसरं कुणी बघा!"