फसलेल्या प्रयोगाची वही

"काळ्या आजाराच्या पहिल्या रुग्णाला उद्या हे नवं औषध देतोय. कुणाला काही शंका?" शास्त्रज्ञांच्या खुल्या ऑनलाइन मंचावर नेपाळमधल्या डॉक्टरांचा प्रश्न झळकला आणि मृण्मयी वाचता वाचता थबकली. त्याच औषधावर ती तीन वर्षं राबली होती आणि ते दिलेल्या दहापैकी तिचे सात उंदीर मेले होते. "फसलेले प्रयोग गावभर सांगायचे नसतात," म्हणत प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी तिला ती वही कपाटात टाकायला लावली होती.

तिनं वही काढली. सगळे आकडे मंचावर टाकले, खाली स्वतःचं नाव घातलं आणि डोळे मिटून बटण दाबलं.

दोन मिनिटांत उत्तर आलं, "थांबवतोय. आभार." तेवढ्यात केबिनचं दार धाडकन उघडून सर बाहेर आले. नोकरी गेलीच, असं समजून ती उभी राहिली.

सरांनी एक पिवळी पडलेली वही तिच्यापुढे ठेवली. "हेही टाक. बारा वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा वाटलं, माझाच हात चुकला असेल."

मृण्मयीनं वाचलं. तेच औषध, तेच मेलेले उंदीर. तिची तीन वर्षं त्या एका पानावर आधीच संपली होती.