खरं काय ते इथे वाचा

कारखान्याचं सांडपाणी आमच्या नळांत शिरलंय, अशी बातमी पेपरच्या साइटवर आली आणि वहिनीने ती फोटोसकट जशीच्या तशी उचलून वस्तीच्या ग्रुपवर टाकली. शिवणयंत्रावरून उठलीसुद्धा नाही.

दुपारी पेपरच्या ऑफिसातून फोन आला. माणूस कमालीचा गोड बोलत होता.

"ताई, मजकूर आमचा, फोटो आमचे. कॉपीराइटचा प्रश्न येतो हो. तेवढं काढून टाका आणि नुसती लिंक द्या. लिंकला आमची काहीच हरकत नाही."

"बरोबरच आहे त्याचं," मी म्हणालो. "उगाच पाण्यात राहून माशांशी वैर कशाला?"

"पाण्यात मासे उरलेत कुठे, भावजी?" वहिनी म्हणाली. पण तिने ग्रुपवरचं सगळं डिलीट केलं, फोनमधले फोटोही पुसले. मग लिंक टाकली आणि वर लिहिलं, 'खरं काय ते इथे वाचा.' संध्याकाळपर्यंत ती लिंक वस्तीभर फिरली.

सकाळी शेजारच्या काकू आल्या, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेनात. तिथूनच फोन पुढे धरून म्हणाल्या, "हे तूच टाकलंस ना गं?"

वहिनीने लिंक उघडली. पत्ता तोच होता, तारीखही कालचीच. फोटोतल्या नळाला मात्र आता स्वच्छ पाणी येत होतं. वर ठळक अक्षरांत मथळा होता:



'पाणी शुद्धच. अफवा पसरवणाऱ्या महिलेचा शोध सुरू.'