अर्डिसबाईंचा निःपक्षपाती चेहरा

शपथ झाली, ज्युरीचे बारा जण आपापल्या खुर्च्यांत बसले, आणि अर्डिस टोलेफसनबाईंनी आपला निःपक्षपाती चेहरा लावला.

हा चेहरा त्यांनी आठवडाभर आरशासमोर बसवला होता. ओठ मिटलेले, हनुवटी किंचित खाली, डोळे स्थिर. राग नाही, लोभ नाही. ज्युरीत बसायचं त्यांचं स्वप्न चाळीस वर्षांचं. नणंदेला तीनदा बोलावणं आलं, शेजाऱ्याला दोनदा, शेजाऱ्याच्या वारलेल्या वडिलांनाही एकदा आलं. यांना कधीच नाही. यंदा एकाहत्तराव्या वर्षी पत्र आलं तेव्हा बाईंनी ते फ्रिजवर चुंबकाने डकवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं.

निवडीच्या वेळी मात्र त्यांनी उतावळेपणा केला नाही. "हौस दिसली की वकील काढून टाकतात हं," असं नणंदेने बजावलं होतं. बाकीचे सगळे सुटायच्या खटपटीत. एकाची गाय व्यायला झाली होती. दुसरा म्हणाला, "मला चोर तोंडावरून कळतो," त्याला दोन्ही वकिलांनी एकमताने घरी पाठवलं. मग बाईंचा नंबर लागला. वकिलांनी विचारलं, आरोपीला ओळखता का?

बाईंनी निरखून पाहिलं. चकचकीत टक्कल, छातीपर्यंत दाढी, नाव डुएन प्रॅट. चर्चची गवत कापायची गाडी, बसून चालवायची ती, पळवल्याचा आरोप.

"नाही बाई," त्या गोड हसून म्हणाल्या. ते खरंच होतं.

"आणि जज्जसाहेबांना?"

"त्यांना कोण ओळखत नाही? मी शाळेची बस चालवायचे ना, तेव्हा माझ्याच बसने यायचे. कर्टिस. पहिल्या बाकावर बसायचे, माझ्या पाठीशी. गुणी पोरगा!"

जज्ज हॉगेन कागदांत बघत राहिले. आरोपीने मात्र पहिल्यांदाच मान वर केली. वकिलांना यात काही वावगं वाटलं नाही. आयोवातल्या त्या जिल्ह्यात जज्जांना न ओळखणारी बारा माणसं हवी असतील तर शेजारच्या राज्यातून आणावी लागली असती.

आता जज्ज ज्युरीला समजावत होते. "गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष. त्याचं तोंड बघून ठरवायचं नाही. घाईने ठरवायचं नाही. आणि तो सगळ्यात जवळ बसला होता, एवढ्यावरून तर मुळीच ठरवायचं नाही."

शेवटचं कलम बाईंना नवीन होतं, पण त्यांनी जोरात मान डोलावली. किती सुंदर कायदा आहे आपला, असं वाटून त्यांचा ऊर भरून आला.

सरकारी वकील बोलायला उठले. बाईंनी आपला चेहरा आरोपीकडे वळवला आणि तिथेच रोखून धरला.

डुएनने तोंडातलं च्युइंगम काढून कागदात गुंडाळलं. मग पाय आत घेतले. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसला. कोर्टात आलं की माणसाला आपोआप वळण लागतं, असं बाईंच्या मनात आलं. डुएनच्या टकलावर घाम जमला होता.

"मीच नेली ती गाडी!" तो ताडकन उठला.

त्याच्या वकिलाने त्याचा कोट धरला. "खाली बस! अरे, गप्प बसायचा हक्क आहे तुला!"

"हक्क आहे हो, पण जमत नाहीये ना! त्या बाई बघा कशा बघतायत! बसच्या आरशातून अश्शाच बघायच्या!"

आता कुठे बाईंना ओळख पटली. लाल केसांचा डुएनी! चौथीत असताना आईने दुसरं लग्न केलं, आडनाव बदललं, गाव सुटलं.

ज्युरीला मागच्या खोलीत पाठवलं. अर्ध्या तासाने परत बोलावलं तोवर डुएनने रीतसर गुन्हा कबूल केला होता. जज्जांनी सगळ्यांचे आभार मानले आणि ज्युरी मोडली. चाळीस वर्षं वाट बघून बाईंच्या वाट्याला न्यायदानाची अकरा मिनिटं आली. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतःची समजूत घातली, की बसमध्ये तरी आपण सत्तावीस वर्षं न्याय केला. एकही गुन्हा उलगडायचा राहिला नाही. कॉफीच्या थर्मासात बेडूक निघाला, त्याचासुद्धा दोन मिनिटांत निकाल लावला होता, वकील नाही की साक्षीदार नाही.

"जज्जसाहेब, आता बोलतोच आहे तर अजून एक सांगून टाकतो," डुएन म्हणाला. त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला. "मिस अर्डिस, तुमच्या थर्मासातला बेडूक... तोही मीच टाकला होता. मी मागे जाऊन लपलो."

अर्डिसबाईंचा निःपक्षपाती चेहरा गळून पडला. झाकण उघडून किंचाळत त्यांनी मागे वळून पाहिलं होतं, आणि जो सगळ्यात जवळ होता त्या पोराचा कान धरला होता. तो रडून रडून नाही म्हणत होता. उन्हाळ्याची सुटी लागेपर्यंत त्याला त्यांनी पहिल्या बाकावर बसवलं होतं.

त्या हळूहळू जज्जांकडे वळल्या.

जज्ज हॉगेननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग नोंद घेणाऱ्या कारकुनाकडे पाहिलं.

"लिहा. कर्टिस हॉगेन, इयत्ता तिसरी. निर्दोष."