ढ विद्यार्थ्याची भूमिका

“डावं पेडल, काका. तुमचं डावं.”

मास्तरांनी उजवं दाबलं. गवतापासून हातभर वर तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरने रुसलेल्या मेव्हण्यासारखं गर्रकन तोंड फिरवलं.

“कंट्रोल माझ्याकडे,” उमेदवार शांतपणे म्हणाला आणि त्याने ते सावरलं.

हेलिकॉप्टर शिकवणारे निवडायची रीतच ती. परीक्षकाने ढ विद्यार्थी व्हायचं, उमेदवाराने त्याला शिकवायचं. मास्तरांइतका हुबेहूब ढ कुणालाच जमत नसे. आज तर कमाल होती. हात काय थरथरत होते, वाऱ्याची दिशा दाखवणारी लाल पिशवी काय दिसत नव्हती! “कुठली पिशवी?” मास्तरांनी विचारलं तेव्हा उमेदवाराला हसू आवरेना.

ही त्याची तिसरी आणि शेवटची संधी. हुकली तर जन्मभर शेतांवर औषध फवारायचं. पहिल्यांदा त्याने विद्यार्थ्याच्या हातातून दांडी हिसकावली, म्हणून नापास. दुसऱ्यांदा मास्तरांच्या चुका गुळमुळीत सांगितल्या, म्हणून.

“भीड भिकेची बहीण असते रे,” मास्तर तेव्हा म्हणाले होते. “हवेत गेली की मरणाची मावशी होते.”

काल या तिसऱ्या परीक्षेत सगळं झकास झालं होतं. तरी आज परत बोलावलं, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. आज भीड नाही, असं ठरवूनच तो आला होता.

उतरल्यावर मास्तरांनी मूल्यमापनाचा कागद पुढे केला. वरचा मजकूर त्यांच्या अंगठ्याखाली होता.

“काय करायचं या विद्यार्थ्याचं?”

“घरी पाठवायचं.”

“अजून दहा तास शिकवलं तर?”

“शंभर शिकवा. पालथ्या घड्यावर पाणी.”

“म्हातारा फार हौशी आहे रे.”

“हौसेला मोल नसतं, मास्तर. हेलिकॉप्टरला असतं.”

मास्तर खो खो हसले. त्याला चेव चढला. त्याने लिहिलं, ‘या गृहस्थांना हेलिकॉप्टर सोडा, फिरत्या खुर्चीतही एकटं बसवू नये.’ खाली ‘तपासणारा’पुढे झोकात सही ठोकली.

मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला. नीट घडी घातली. त्याचा खांदा थोपटला आणि हँगरकडे न वळता फाटकाकडे चालू लागले.

ऑफिसातल्या मॅडमनी त्याला प्रमाणपत्र दिलं. तारीख कालची होती.

“मॅडम, तारीख चुकली.”

“नाही चुकली. तुम्ही काल पास झालात.” मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. “आजची तपासणी मास्तरांच्या लायसन्सची होती. तेच म्हणाले, यंदा नव्या पोरालाच तपासू द्या, जुने सगळे दरवर्षी मला सांभाळून घेतात.”