सातव्या बापाच्या मागे

"माझ्या सात पिढ्यांत एकही मेंढी नाही!" इशेनकुल म्हाताऱ्याने बोटांवर मोजत, बाप, आजा, पणजा असं वर जात, सातही बापांची नावं घडाघडा म्हणून दाखवली. अंगणात जमलेल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. ज्याला आपले सात बाप सांगता येत नाहीत तो गुलाम, हे या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि ती शाळेतली बुरुलबाई पोरांना शिकवते, म्हणे माणूस आणि मेंढी एकाच पूर्वजाची लेकरं!

त्यांच्यातल्याच झापारने तक्रारीचा अर्ज पुढे सरकवला. खाली इशेनकुलची सही पडली, की बाईची नोकरी गेलीच. गावात त्याच्या शब्दापुढे जायची कुणाची छाती नव्हती. बाई विधवा, पदरात दोन मुली. पण कुणी सांगितलं होतं नसती थेरं शिकवायला?

तेवढ्यात फाटक वाजलं. दारात बुरुलच उभी. घोड्यावरून पडली होती. उजवा हात लोंबत होता, चेहरा पांढराफटक. दवाखाना घाटापलीकडे, आणि घाट बर्फाने बंद.

"बरी अद्दल घडली," झापार पुटपुटला.

"तोंड आवर!" इशेनकुल उठला. हाडं बसवणाऱ्याने दारी आलेलं मोडकं हाड परत पाठवायचं नसतं, मग ते वैऱ्याचं का असेना. त्याने डोळे मिटले आणि तिच्या कोपराखाली बोटं फिरवायला घेतली. बुरुल कळवळली. पण या लोकांसमोर ओरडायचं नाही, म्हणून ती बोलत राहिली.

"बाबा, हे कुठे शिकलात? माणसं फाडून?"

"तोबा, तोबा! आमचा उस्ताद मेंढीचा पुढचा पाय पोत्यात घालून ठेचायचा. मग न बघता, वरूनच चाचपत जुळवायचा. तीन हिवाळे तेच केलं. दंडाचं एक हाड, खाली दोन, मग मनगटातले खडे. मेंढीत ती दोन चिकटलेली असतात, पण मधली फट बोटाला लागते. बाकी सगळं अगदी तस्संच..."

त्याची बोटं थांबली. बुरुल गप्प राहिली; दुखत होतं म्हणून, की शहाणी होती म्हणून, अल्ला जाणे.

साठ वर्षं त्याने गावाचे हात जोडले होते. तस्संच का, हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

हाड कटकन बसलं. त्याने दोन बाजूंनी फळ्या लावल्या.

"बाबा, सही तेवढी," झापारने पुन्हा अर्ज पुढे केला.

इशेनकुलने अर्ज घेतला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि फळीखाली सारला. "टोचत होती पोरीला."

"अहो, पण आपले सात बाप?"

"सात येतात रे मला. आठवा कोण, ते तुला तरी माहीत आहे का?" म्हाताऱ्याने गाठ आवळली आणि बुरुलकडे पाहिलं. "मेंढीचा पाय शिकवशील त्या दिवशी मला बोलव, बाई. पुस्तकातल्या चित्रात ती फट बोटाला लागत नाही."