साडूचं वजन

"भावोजींनी एक शब्द टाकला, तर गल्ली वाचेल," बायको म्हणाली आणि घड्याळवाल्याच्या चिमट्यातला बारीक स्क्रू घरंगळून टेबलाखाली गेला.

तो खाली बसून शोधायला लागला. तेवढंच तोंड लपवता आलं. सकाळी भावोजी, दुपारी भावोजी, संध्याकाळी भावोजी. साडू झाला म्हणून माणसानं ऐकायचं तरी किती?

दोघांची दुकानं एकाच गल्लीत, समोरासमोर. याचं घड्याळांचं, साडूचं चष्म्यांचं. रस्ता रुंद करायचा म्हणून महापालिकेनं अख्खी गल्ली पाडायला काढली होती आणि दुकानदार संघ उच्च न्यायालयात गेला होता. सोमवारी निकाल होता. बापानं उभं केलेलं दुकान गेलं, तर या वयात कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, या काळजीनं घड्याळवाल्याला घास गोड लागत नव्हता.

त्यात बेकरीवाल्यानं बातमी आणली. साडू रोज सकाळी नदीकाठच्या बागेत ज्या उंच गृहस्थांबरोबर फिरतो, ते म्हणजे आपला खटला ज्यांच्यापुढे चाललाय, तेच न्यायाधीश.

झालं. साडूचा भाव एकदम वधारला. बेकरीवाला त्याच्याकडे ताजा पाव पाठवू लागला. इस्त्रीवाला त्याला आधी नमस्कार करू लागला. आणि घड्याळवाल्याच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही केल्या थांबेना.

"काय बोलता हो एवढं रोज?" त्यानं एकदा साडूला विचारलंच.

"गुडघ्यांबद्दल," साडू म्हणाला. "त्यांचा डावा दुखतो, माझा उजवा."

गल्ली हसली. पोचलेला माणूस आहे, कोणाला ताकास तूर लागू देत नाही, असं म्हणाली. घड्याळवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी तो पहाटेच बागेत जाऊन कारंज्याच्या आडोशाला उभा राहिला. दोघं आले. न्यायाधीशांचा हात चक्क साडूच्या खांद्यावर होता. जवळून गेले तेव्हा दिसलं, न्यायाधीशांच्या चष्म्याची एक काडी मोडलेली होती आणि काळ्या दोऱ्यानं बांधली होती. घड्याळवाल्याला कित्येक दिवसांनी बरं वाटलं.

"तुझे भावोजी बघ," घरी येऊन तो म्हणाला. "मित्र दोरा बांधून हिंडतोय आणि यांच्या हातून एक काडी सुटत नाही. कवडीचुंबक कुठले."

"मोठ्या माणसांना काही वाटत नसतं असल्या गोष्टींचं," बायको म्हणाली. "ते न्यायाधीशांचं म्हणत होते मी. आणि भावोजींचंही."

शनिवारी गल्लीची बैठक बसली. संघाच्या वकीलबाईही आल्या होत्या.

"नगरसेवकाला आपण रस्त्यात गाठून बोलतो, मंत्र्यांना निवेदन देतो," बेकरीवाला म्हणाला. "मग न्यायाधीश काय आभाळातून पडलेत? आपलं म्हणणं थेट त्यांच्या कानावर घातलं, तर बिघडलं कुठं?"

"आज तुम्ही त्यांच्या कानाशी लागलात, तर उद्या महापालिकाही लागेल," वकीलबाई म्हणाल्या. "जे सांगायचं ते भर न्यायालयात, समोरच्या बाजूच्या देखत. आणि एक ऐका. हा खटला यांच्याकडे आहे हे आपलं नशीब. यांनी पहिल्याच दिवशी पाडकाम थांबवलं. असे खटले ऐकणाऱ्या दुसऱ्या न्यायाधीशांनी गेल्या वर्षी अख्खी भाजीमंडई उठवली, एक तारीखही वाढवून दिली नाही. तेव्हा सोमवारपर्यंत गप्प बसा."

सगळ्यांचे डोळे साडूकडे वळले. तो खाली मान घालून गुडघा चोळत बसला होता.

काय साधूचा आव आणलाय, घड्याळवाल्याला वाटलं. आतून सगळं ठरवून आला असणार. निकाल लागला, की याला खांद्यावर घेऊन नाचतील आणि आपल्याला जन्मभर याच्या उपकाराखाली राहावं लागेल. दुकान वाचायला हवं होतं, पण ते साडूनं वाचवायला नको होतं.

रविवारी साडूचा गुडघा सुजला. "आज बाग नाही," असं त्यानं घड्याळवाल्याच्या बायकोला फोनवर सांगितलं आणि ते ऐकताच यानं चपला पायात सरकवल्या.

न्यायाधीश बाकावर एकटेच होते. घड्याळवाल्यानं हात जोडले, नागरिक म्हणून दोन शब्द बोलायचे आहेत म्हणाला, आणि त्यांनी हातानं अडवायच्या आत सगळं बोलूनही टाकलं. गल्लीचं नाव, दुकान, बापाचे कष्ट, उद्याचा निकाल. छान झालं, त्याला वाटलं. साडूला सात जन्मांत असं बोलता आलं नसतं.

न्यायाधीश बाकावरून उठले.

"तुम्ही हे बोलायला नको होतं," ते म्हणाले. "आता मला हे न्यायालयात सांगावं लागेल आणि खटला सोडावा लागेल. तो दुसऱ्या न्यायाधीशांकडे जाईल."

भाजीमंडईची मोकळी जागा घड्याळवाल्याच्या डोळ्यांपुढे आली.

"मी बोललो तर पाप आणि माझा साडू रोज बोलतो, ते चालतं होय साहेब?" तो तडकून म्हणाला. "त्याचंही दुकान तिथंच आहे की, माझ्या समोर!"

"कोण साडू?"

"तुमच्याबरोबर फिरतो तो. उजवा गुडघा दुखतो तो. चष्मेवाला."

न्यायाधीशांनी डोळ्यांवरचा चष्मा हळूच काढला आणि काडीवरच्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला.

"तो चष्मेवाला आहे?"